जुन्या ट्रॅक्टरचे वायरिंग: सेल्फ, स्पार्क आणि सुरक्षितता

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि पाठोपाठ उसाचा गळीत हंगाम येतो. सोलापूर जिल्ह्यात याच सुमाराला शेडमध्ये उभे असलेले जुने ट्रॅक्टर बाहेर काढले जातात आणि दरवर्षी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. नवी बॅटरी घातली तरी सेल्फ का फिरत नाही? चावी फिरवल्यावर नुसता टक् टक् आवाज का येतो? डिझेल ट्रॅक्टरला इग्निशन कॉइल कुठे असते? डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का? प्लस अर्थ असलेल्या गाडीचे काय करायचे?

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत. मात्र ती तुमच्या ट्रॅक्टरच्या जातीवर अवलंबून असतात. एका गाडीला लागू पडणारी जोडणी दुसरीला लावली तर कॉइल, डायनामो किंवा अल्टरनेटर जळतो. म्हणून वायर विकत घेण्याआधी थोडी ओळखपरेड करावी लागते.

आधी ओळखा: तुमचा ट्रॅक्टर कोणत्या जातीचा?

भारतात ट्रॅक्टर जुळवून बाहेर पडण्याची सुरुवात फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून २४ एप्रिल १९५९ रोजी झाली. त्यानंतर चेन्नईच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५ आणि महिंद्राच्या भागीदारीतला 'इंटरनॅशनल' बी-२७५ आला. पुढे एस्कॉर्ट्सचा फोर्ड ३००० आणि एचएमटीचा झेटॉर आला. हे सगळे डिझेलवर चालणारे. त्याआधी परदेशातून आलेल्या यंत्रांमध्ये पेट्रोल किंवा केरोसीनवर चालणारे ट्रॅक्टरही होते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

चार गोष्टी पाहून वहीत लिहून ठेवा:

- इंधन: डिझेल इंजिनात दाबलेल्या गरम हवेमुळे इंधन पेटते. तिथे स्पार्क प्लग, कॉइल, डेल्को (डिस्ट्रिब्युटर) यांपैकी काहीही नसते. पेट्रोल-केरोसीन इंजिनात हे तिन्ही असतात किंवा कॉइल आणि डेल्को यांच्या जागी मॅग्नेटो असतो.
- व्होल्टेज: बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात. अमेरिकेतील फोर्ड ८एन (१९४७ ते १९५२) सारखी काही यंत्रे मुळात ६ व्होल्टची होती.
- अर्थिंग: बॅटरीची कोणती पट्टी चासीला जोडली आहे? फर्ग्युसन टीई-२० आणि फोर्ड ८एन या दोन्हींत मूळ जोडणीत प्लस चासीला असतो. नंतरच्या ट्रॅक्टरांत मायनस असतो.
- चार्जिंग: लांबट नळकांड्यासारखा, 'डी' आणि 'एफ' अशी दोन टर्मिनले असलेला भाग म्हणजे डायनामो. आखूड, जाळीदार तोंडाचा आणि आत पंखा दिसणारा म्हणजे अल्टरनेटर.

अर्थिंग ठरवताना फक्त बॅटरी पाहून निष्कर्ष काढू नका. आधीच्या मालकाने ती उलटी बसवलेली असू शकते. दुरुस्ती पुस्तकातला नकाशा आणि प्रत्यक्ष जोडणी एकमेकांशी ताडून पाहा.

हात लावण्याआधी

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला आणा.

२. चासीला जोडलेली बॅटरीची पट्टी सर्वांत आधी काढा आणि जोडताना सर्वांत शेवटी लावा. प्लस अर्थच्या गाडीत ही पट्टी प्लसची असते. या क्रमामुळे पाना चुकून चासीला लागला तरी शॉर्ट होत नाही.

३. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो.

४. जुनी वायर तोडण्याआधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. रंग उडालेल्या वायरींच्या गुंत्यात हे फोटो नकाशाचे काम करतात.

५. एखाद्या भागाला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या जोडण्या आधी सोडवा. ट्रॉलीच्या हुकाला मारलेल्या वेल्डिंगमुळे अल्टरनेटरमधले डायोड जाऊ शकतात.

सेल्फचे सर्किट: दोन वाटा, दोन जाड्या

सेल्फच्या जोडणीत दोन स्वतंत्र वाटा असतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या की निम्मा गोंधळ संपतो.

जाड वाट: बॅटरी ते सोलेनॉइड, सोलेनॉइड ते सेल्फ मोटर, मोटरची बॉडी ते इंजिन, इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरीची अर्थ पट्टी. डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना या वाटेने साधारण २५० ते ४०० अँपिअर इतका प्रवाह जातो.

बारीक वाट: बॅटरीकडून अँपिअर मीटर, तिथून चावी, न्यूट्रल सेफ्टी स्विच आणि शेवटी सोलेनॉइडचे छोटे टर्मिनल. या वाटेचे काम जाड वाटेतले संपर्क बंद करण्यापुरतेच. काही जुन्या गाड्यांत सोलेनॉइड नसतो. तिथे पायाने किंवा हाताने दाबायचा जाड स्विच असतो.

सेल्फची जाड वायर कधीही अँपिअर मीटरमधून नेऊ नका. शे-दीडशे अँपिअरलाही तो मीटर जळतो. चावीकडे जाणारी वायर सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या मोठ्या बोल्टवरून घेता येते. ती घेताना मध्ये फ्यूज घाला.

आता आकडा पाहा. सेल्फ ३०० अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या पट्टीमुळे वाटेत फक्त ०.०१ ओहम रोध वाढला असेल, तर ३०० गुणिले ०.०१ म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच संपतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून सेल्फला जेमतेम ९ मिळतात, आणि तेही बॅटरीचे व्होल्टेज उतरत नाही असे धरले तर. नवी बॅटरी घेऊनही सेल्फ मंद फिरतो त्याचे कारण बहुधा हेच असते. त्यामुळे पैसे बॅटरीवर घालण्याआधी पट्ट्या, थिंबल आणि अर्थिंग यांच्याकडे बघा.

वायरची जाडी दुकानात 'एमएम' म्हणून सांगतात, म्हणजे चौरस मिलिमीटर. १२ व्होल्ट आणि नेहमीच्या लांबीसाठी हा अंदाज धरा:

- बॅटरी ते सेल्फ आणि अर्थिंग: डिझेलसाठी ५० ते ७० एमएम, लहान पेट्रोल इंजिनासाठी ३५ एमएम
- चावी ते सोलेनॉइड: २.५ एमएम, लांब वायरीला ४ एमएम
- चावी ते इग्निशन कॉइल: १.५ ते २.५ एमएम
- हीटर किंवा थर्मोस्टार्ट: ४ एमएम
- हेडलाइट: २.५ एमएम, मागचे दिवे १.५ एमएम

गाडी ६ व्होल्टची असेल तर त्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून वायर आणखी जाड घ्या. वायर नेहमी अनेक तारांची, लवचिक, गाडीसाठीची असावी. घरगुती वायरिंगची एकाच कडक तारेची वायर इंजिनाच्या थरथराटाने तुटते. सेल्फसाठी वेल्डिंगची केबल चालते, मात्र थिंबल दाबयंत्राने घट्ट बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेले थिंबल काही महिन्यांत सैल होऊन तापते.

अर्थिंग म्हणजे निम्मे सर्किट. थिंबलखालचा रंग, गंज आणि काळ्या मातीचा थर घासून चकचकीत धातू उघडा करा. घट्ट बोल्ट लावा आणि वरून ग्रीस फिरवा. बॅटरीची अर्थ पट्टी पत्र्याला जोडलेली असेल तर ती काढून थेट गिअरबॉक्स किंवा इंजिनच्या बोल्टला घ्या. मडगार्डवरचे दिवे गंजलेल्या पत्र्यावरच अर्थ घेत असतील तर त्यांना वेगळी अर्थ वायर द्या.

सेल्फ फिरत नाही: बिघाड शोधण्याचा क्रम

हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. दिवा काय करतो ते पाहा:

- दिवा विझतो किंवा अगदी मंद होतो, सेल्फ हलत नाही: बॅटरी उतरलेली आहे किंवा जाड वाटेत सैल जोड आहे. क्वचित सेल्फ जाम असतो.
- दिवा तसाच राहतो, आवाजही नाही: बारीक वाट तुटली आहे. चावी, न्यूट्रल स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर तपासा.
- सलग टक् टक् आवाज येतो: सोलेनॉइड ओढतो, पण व्होल्टेज टिकत नाही. बॅटरी आणि पट्ट्या पाहा.
- एकच 'टक्', पुढे काही नाही: सोलेनॉइडचे आतले संपर्क जळलेले किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले.
- मोटर घुर्रऽ करून फिरते, इंजिन हलत नाही: बेंडिक्स (सेल्फचे फ्लायव्हीलमध्ये अडकणारे दातेरी चाक) अडकला आहे किंवा फ्लायव्हीलचे दात गेले आहेत. हे काम वायरिंगचे नाही.

यानंतर मल्टिमीटर काढा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि हे तीन आकडे घ्या. मोजताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल ट्रॅक्टरचा स्टॉपर ओढून धरा. पेट्रोलच्या गाडीत कॉइलची चावीकडून येणारी वायर काढा.

१. काही तास न वापरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज; १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये.

२. मीटरची एक सुई बॅटरीच्या जिवंत शिशाच्या पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. आकडा ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आला तर या वाटेत दोष आहे.

३. तसेच बॅटरीच्या अर्थ पोस्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजा. ०.३ पेक्षा जास्त असेल तर अर्थिंग सुधारा.

बॅटरी अजून चार्जवर येत नसेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याचे आम्ल तपासा. पूर्ण चार्ज बॅटरीत ते १.२४ ते १.२८ यांच्या दरम्यान असते. एकाच खान्याचा आकडा बाकींपेक्षा खूप कमी असेल तर तो खाना गेला, आणि अशी बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बॅटरीतले पाणी लवकर उडते. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे किंवा नळाचे क्षारयुक्त पाणी प्लेटा खराब करते.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबा.

पेट्रोल-केरोसीन ट्रॅक्टरचे इग्निशन

हे सर्किटही दोन भागांचे असते.

कमी व्होल्टेजचा भाग: चावी ते कॉइलचे 'एसडब्ल्यू' टर्मिनल, कॉइलच्या 'सीबी' टर्मिनलपासून डेल्कोच्या बाजूचा स्क्रू, डेल्कोतले पॉइंट बंद होतात तेव्हा अर्थ. पॉइंटला समांतर कंडेन्सर.

जास्त व्होल्टेजचा भाग: कॉइलच्या मधल्या खोबणीतून डेल्कोच्या टोपीपर्यंत, रोटरमार्फत चारही प्लगांना. फर्ग्युसन टीई-२० सारख्या चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. प्लगच्या वायरी टोपीभोवती रोटर फिरण्याच्या दिशेने या क्रमाने लावा.

कॉइल विकत घेताना ओहम विचारा. साध्या १२ व्होल्ट कॉइलचा आतला रोध सुमारे ३ ओहम असतो. दीड ओहमची कॉइल असेल तर तिच्या अलीकडे वेगळा रोध (बॅलास्ट) लावावा लागतो. तो न लावता थेट १२ व्होल्ट दिले तर कॉइल तापून जाते आणि पॉइंट जळतात. दुकानदाराला फक्त "बारा व्होल्टची द्या" म्हणून सांगणे इथे महागात पडते.

ठिणगी येत नसेल तर हा क्रम ठेवा:

- कॉइलच्या 'एसडब्ल्यू' टर्मिनलला चावी चालू असताना व्होल्टेज आहे का पाहा. नसेल तर चावी आणि तिची वायर तपासा.
- पॉइंट उघडे-बंद होताना 'सीबी' टर्मिनलला लावलेला टेस्ट लॅम्प लुकलुकतो का पाहा. नसेल तर पॉइंट घासा, गॅप दुरुस्ती पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि अर्थ तपासा. जुन्या लुकस डेल्कोत काही आवृत्त्यांत ०.२५ ते ०.३० मिमी, नंतरच्यांत ०.३५ ते ०.४० मिमी गॅप असते.
- हे सगळे बरोबर आणि ठिणगी पिवळट, अशक्त असेल तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त भाग आहे आणि त्यामुळे पॉइंटही वाचतात.
- टोपीत बारीक तडा किंवा ओलसर धूळ असेल तर ठिणगी चुकीच्या जागी उडते. टोपी कोरडी पुसा, तडा असल्यास बदला.

मॅग्नेटो वेगळा प्रकार आहे. तो स्वतः वीज तयार करतो आणि त्याचा स्विच वीज अर्थ करून इंजिन थांबवतो. बॅटरीच्या इग्निशनमध्ये स्विच सर्किट तोडतो. मॅग्नेटोत तो सर्किट जोडतो. त्यामुळे मॅग्नेटोच्या स्विच टर्मिनलला चुकूनही १२ व्होल्ट देऊ नका. आतली गुंडाळी किंवा चुंबक खराब होते.

डिझेलला काय लागते?

डिझेल ट्रॅक्टरला थंडीत मदत म्हणून दोन प्रकारचे हीटर असतात. पर्किन्स इंजिन असलेल्या जुन्या मॅसीमध्ये थर्मोस्टार्ट असतो: इनलेट नळीत बसवलेली ही हीटर कॉइल तापून थोडे डिझेल पेटवते आणि आत जाणारी हवा गरम करते. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी हीटर प्लग.

- थर्मोस्टार्ट १२ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. चावी हीटरवर १५ ते २० सेकंद धरा, मग सेल्फ मारा. थर्मोस्टार्टच्या छोट्या डब्यात डिझेल नसेल तर तो काम करत नाही.
- जुन्या काही इंजिनांत हीटर प्लग एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की सगळे बंद पडतात. प्रत्येक प्लगची दोन्ही टोके मीटरने तपासा.
- हीटर चालू असताना ईथरचा स्प्रे इनलेटमध्ये मारू नका. ज्वाला मागे उडते आणि इंजिनही फुटू शकते.

सोलापूरच्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस हीटर लागत नाही. सुस्थितीतले डिझेल इंजिन हीटरशिवाय सुरू होत नसेल तर दोष आधी बॅटरी, नोझल आणि कंप्रेशनमध्ये शोधा. शिवाय चावी बंद केली म्हणून जुने डिझेल इंजिन बंद होत नाही. त्यासाठी स्टॉपर ओढावाच लागतो.

डायनामो ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा?

दोन्ही पर्याय चांगले आहेत, निवड वापरावर ठरवा.

डायनामो ठेवा, जर ट्रॅक्टर मूळ रूपात जपायचा असेल आणि रात्रीचे काम कमी असेल. त्याच्या कट-आउट बॉक्सवर ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरे असतात. डायनामोचे डी बॉक्सच्या डीला, एफ एफला आणि बॉक्सचे ई चासीला जोडा. बॅटरी ए बाजूला येते. खूप दिवस पडून राहिलेला लुकस डायनामो चार्ज करत नसेल तर त्याचे डी आणि एफ मोकळे करून बॅटरीच्या जिवंत पोस्टवरून वायर घेऊन ती एफला क्षणभर दोन-तीनदा स्पर्श करा. यामुळे त्याचे चुंबकत्व योग्य दिशेने परत येते.

अल्टरनेटर बसवा, जर दिवे, ट्रॉलीचे दिवे आणि रात्रीची ऊसवाहतूक असेल. इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही तो चार्ज करतो. मात्र त्यासाठी:

- चासीला मायनस असावा. प्लस अर्थवर अल्टरनेटर जोडताच डायोड जातात.
- त्याच्या क्षमतेला पेलणारी वायर (किमान ६ एमएम) बॅटरीकडे न्या आणि मध्ये फ्यूज घाला.
- इंजिन चालू असताना बॅटरीची पट्टी काढू नका.
- चार्जिंग करताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत.

प्लस अर्थवरून मायनस अर्थवर जाताना हे बदल एकत्र करा: बॅटरी फिरवून लावा, कॉइलच्या एसडब्ल्यू आणि सीबी वायरी अदलाबदल करा, अँपिअर मीटरच्या वायरी बदला आणि डायनामो तसाच राहणार असेल तर त्याला वरील पद्धतीने नवी दिशा द्या. सेल्फ मोटर मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरते, कारण तिच्या फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह उलटतो. बदल केल्यावर बॅटरीजवळ 'मायनस अर्थ' अशी ठळक चिठ्ठी लावा.

जंप स्टार्ट देताना दोन्ही बॅटऱ्या एकाच व्होल्टेजच्या हव्यात. प्लसला प्लस जोडा आणि शेवटचे टोक ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. प्लस अर्थच्या ट्रॅक्टरमध्ये शेवटचे टोक इंजिनला जोडायचे ते प्लसचे, आणि दुसरी गाडी मायनस अर्थची असेल तर दोन्हींच्या बॉडी एकमेकींना टेकणार नाहीत याची खात्री करा.

हमखास चुकणाऱ्या जागा

- फ्यूज न घालणे. सेल्फच्या मुख्य वायरीला फ्यूज नसतो, पण बाकीच्या प्रत्येक वाटेला हवा. उसाचे पाचट आणि कडबा यांच्या आसपास काम करणाऱ्या यंत्रात एका शॉर्टने आग लागते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.
- फ्यूजच्या जागी तार घालणे. फ्यूज उडतो तेव्हा दोष वायरीत असतो. तो शोधा.
- उंदीर. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी कुरतडल्या जातात. वायरी नालीदार पाइपातून घ्या आणि दर महिन्याला बोनेट उघडून पाहा.
- धारदार कडेवरून वायर नेणे. पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट बसवा. इंजिनच्या थरथराटाने आवरण घासून चासीला शॉर्ट होते.
- गरम सायलेन्सरजवळून बॅटरीची केबल. अंतर ठेवा आणि क्लॅम्पने बांधा.
- बॅटरीची पट्टी सैल. बॅटरी तिच्या पेटीत हलत असेल तर पोस्टांवर ताण येतो. ती घट्ट बसवा.

न्यूट्रल स्विच काढू नका

सर्वांत गंभीर चूक वेगळी सांगावी लागते. न्यूट्रल स्विच बिघडला की तो काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या जातात, किंवा जमिनीवर उभे राहून पान्याने सोलेनॉइडची दोन टोके शॉर्ट करून सेल्फ मारला जातो. गिअर चुकून पडलेला असेल तर ट्रॅक्टर क्षणात पुढे जातो, आणि समोर किंवा चाकाजवळ उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

फर्ग्युसनच्या अभियंत्यांनी यासाठीच टीई-२० मध्ये सेल्फचा स्विच गिअरच्या दांड्याला जोडला होता: दांडा 'एस' या जागी नेल्याशिवाय सेल्फ मिळत नाही आणि त्या जागी गिअर लागलेला नसतो. नंतरच्या मॅसीमध्ये हाय-लो लिव्हर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ मारता येतो. हा स्विच साधा आणि बदलता येण्याजोगा भाग आहे. तो मिळेपर्यंत ट्रॅक्टर बंद ठेवणे परवडते.

मिस्त्रीकडे देताना तुमचे हक्क

वायरिंग बाहेरून करून घ्यायचे असेल तर आधी लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात वायरची जाडी, भागांची नावे आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा आणि पक्के बिल घ्या. बॅटरीचे वॉरंटी कार्ड खरेदीच्या दिवशी भरून घ्या. तारीख नसलेल्या कार्डाचा उपयोग होत नाही. जुनी शिसे-आम्ल बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती संकलनासाठी परत द्यायची असते. नवी बॅटरी घेताना दुकानातच द्या आणि तिची किंमत वजा करून घ्या.

काम चुकीचे झाले आणि दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरीही ग्राहक ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जातात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज करायचा असतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा.

नोंदणीचे कागद

कृषी ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो. सोलापूरला एमएच-१३ आणि अकलूजला एमएच-४५ हे क्रमांक आहेत. ज्या कार्यालयाच्या हद्दीत तुम्ही राहता तिथेच चौकशी करा. निरीक्षणाच्या वेळी दिवे, हॉर्न आणि ब्रेक तपासले जातात, म्हणून वायरिंग आधी पूर्ण करून घ्या. वायरी बदलण्याला परवानगी लागत नाही. इंजिन बदलले तर मात्र नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करावी लागते. २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे केंद्रीय नियम ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत. जुन्या ट्रॅक्टरला त्या नियमांतून व्हिंटेज क्रमांक मिळवून देतो असे कोणी सांगितले, तर पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयात स्वतः विचारा.

सुरू करण्याआधीची शेवटची तपासणी

- गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, माणसे आणि मुले लांब
- बॅटरीची दिशा आणि अर्थिंग नकाशाप्रमाणे
- मुख्य फ्यूज जागेवर, उघडी तार कुठेही नाही
- मुख्य केबल सायलेन्सरपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर
- स्टॉपर किंवा इग्निशन स्विच काम करतो, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावर थांबवता येते
- क्लच दाबून, सीटवर बसूनच सेल्फ. ट्रॅक्टरच्या कडेला उभे राहून कधीच नाही
- सुरू झाल्यावर अँपिअर मीटर किंवा व्होल्टमीटर चार्जिंग दाखवतो

यानंतर पूर्ण वायरिंगचा नकाशा काढून वायरींच्या रंगासह टूलबॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी मिस्त्री बदलला तरी काम शून्यापासून सुरू करावे लागणार नाही. आणि न्यूट्रल स्विच काढलेला असेल तर हंगामाची पहिली खेप भरण्याआधी तो परत बसवून घ्या.